लिनक्सची तोंडी परीक्षा

केडगाव, ९ एप्रिल

चि. रॉबिन,

‘सप्रेम सलाम’ असं लिहिलं होतं. त्यातलं सप्रेम खोडलं. नुसता सलाम घे.

मी फोन करणार नाही आणि तू केलास तर उचलणार नाही. फोनवर तू मध्येच बोलतोस, आवाज चढवतोस आणि माझं वाक्य पुरं व्हायच्या आत ‘आई, मीटिंग आहे’ म्हणून ठेवून देतोस. कागदावर मला कोणी अडवत नाही. पोस्ट अजून चालू आहे आणि माझं अक्षर तुझ्यापेक्षा बरं आहे.

शुक्रवारी तू जे बोललास ते मी विसरलेले नाही. ‘एक कॉम्प्युटर सांभाळता येत नाही, मग एकटी कशी राहणार? घर काढून टाकू, पुण्याला चल.’ गुड फ्रायडेच्या दिवशी! त्या दिवशी लोक निदान तोंड तरी सांभाळतात.

तो कॉम्प्युटर तुझे पप्पा गेल्यापासून मीच सांभाळते आहे. रविवारची उपासना पत्रिका, महिला मंडळाच्या नोटिसा, नाताळचा कार्यक्रम, सगळं मी टाइप करून घरी छापते आणि चर्चमध्ये नेऊन देते. ऑक्टोबरनंतर जुन्या विंडोजला दुरुस्त्या मिळणार नाहीत आणि नवी विंडोज या यंत्रावर बसणार नाही, हे तू गेल्या वर्षी सांगितलंस. फेब्रुवारीत चार दिवस रजा काढून आलास. मला किती बरं वाटलं, पोरगा आईसाठी रजा काढतोय म्हणून! ‘लिनक्स टाकू’ म्हणालास. फुकट आहे, जुन्या यंत्रावर पळतं, सगळं समजावलंस. मला पटलं. मी हो म्हटलं.

पण लिनक्स म्हणजे एकच वस्तू नसते, त्याचे ढीगभर प्रकार असतात, काही माझ्यासारखीला झेपणारे आणि काही तुझ्यासारख्याने मिरवायचे, हे तू सांगितलंस का? नाही. तू तुझ्या आवडीचं आर्च टाकलंस आणि वर त्याला असा साज चढवलास की पडद्यावर काळोख सोडून काही दिसेना. बटण नाही, चित्र नाही, माउस फिरवला तर काही होत नाही. कोणती दोन-तीन बटणं एकदम दाबायची त्याचा कागद भिंतीला चिकटवलास आणि म्हणालास, ‘सवय होईल.’ दोन महिने मी तो कागद बघून बघून काम रेटलं. मध्ये तू लांबून काहीतरी ‘साफ’ केलंस आणि त्यात मराठी फॉन्ट गेला. गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी क्रूसावरच्या सात उद्गारांच्या उपासनेची पत्रिका उघडली तर ओळीच्या ओळी नुसते चौकोन.

सात वक्ते, सात गीतं, आणि पत्रिका नाही. हाताने लिहून झेरॉक्स काढली. पाळकसाहेबांनी सगळ्या मंडळीसमोर सांगितलं, ‘भिंगारदिवे टीचरांचा कॉम्प्युटर यंदा रुसलाय.’ लोक हसले. क्रूसाखाली बसून हसले. बाहेर आल्यावर पाळकसाहेब हळूच म्हणाले, ‘टीचर, आता तुम्ही विश्रांती घ्या. तरुण मुलं मोबाईलवरच करून टाकतील.’ आणि घरी येऊन तुला फोन केला तर तूही हसलास. त्यांच्या हसण्याचं मला एवढं वाटलं नाही.

मी कुठेही येणार नाही. माझ्या सुनेला, एंजेलाला, माझा सलाम सांग, सप्रेम.

आई


केडगाव, २१ एप्रिल

चि. रॉबिन,

तुझा मेसेज मिळाला. पत्राला मेसेजने उत्तर देणारा माणूस मी जन्माला घातला, याचं वाईट वाटतं. ‘हट्ट सोड. फॉन्ट परत टाकून देतो. जूनमध्ये एक पार्टी घर बघायला येईल, तोवर आवराआवर करून ठेव.’

आवराआवर! घर कोणाच्या नावावर आहे ते तुला माहीत आहे. आणि फॉन्टला हात लावायचा नाही. लांबून दुरुस्त करायची ती जी वाट तू ठेवली आहेस ना, ती मी बंद केली. कशी केली? वायर उपटली.

आवरायचं म्हणशील तर तुझी खोली मी उघडतसुद्धा नाही. फक्त गादी उन्हात घातली होती, कारण गादीला कुबट वास येतो, बाकी काही कारण नाही.

काल पुणे रोडला रमीजच्या दुकानात गेले. ओळखलंस ना? मोबाईल आणि कॉम्प्युटर दुरुस्त करतो, तुझ्यापुढे दोन वर्षं होता शाळेत. मी म्हटलं, ‘हे काढून टाक आणि परत पहिल्यासारखं काहीतरी दे.’ तो म्हणाला, ‘टीचर, मी टाकून देईन, पण तुम्ही आधी बघा तर. नंतर परत मला शिव्या द्याल.’ मी विचारलं, टाकल्याशिवाय बघणार कसं? तर म्हणतो, पेनड्राइव्हवरून चालू होतं. पेनड्राइव्ह लावायचा, कॉम्प्युटर सुरू करायचा आणि हवं तेवढं वापरून बघायचं. आतल्याला धक्का लागत नाही. नाही आवडलं तर बंद करून पेनड्राइव्ह काढून घ्यायचा.

मी त्या दुकानात उभ्या उभ्या तापले. रमीज घाबरला, त्याला वाटलं त्याच्यावरच. अरे, बाजारात बाई कोथिंबिरीची जुडी घेते तीसुद्धा वास घेऊन! आणि तू चार दिवस माझ्या घरात बसून, माझ्या हातच्या भाकरी खाऊन, एकदाही म्हणाला नाहीस की आई, हे तीन-चार प्रकार आहेत, बस, बघ, तुझं तू ठरव. तुला माहीत होतं. तुला माहीत असूनही तुला ते सांगावंसं वाटलं नाही, हे मला जास्त लागलं.

तर आता माझं मीच ठरवणार आहे. रमीजने तीन पेनड्राइव्ह करून दिलेत: उबुंटू, झोरिन आणि मिंट. म्हणाला, नवीन माणसाला बहुतेक या तिघांतलंच काहीतरी जमतं. पाळकसाहेबांना मी सांगितलंय, पेन्टेकॉस्टच्या सणाची, २४ मेची पत्रिका माझ्या घरून, माझ्या कॉम्प्युटरवर छापून येईल. नाही आली तर मी स्वतः काम सोडते, आणि जूनमध्ये तुझ्या त्या पार्टीला चहासुद्धा करून देते. लेखी देते आहे. जपून ठेव.

आई


केडगाव, ८ मे

चि. रॉबिन,

परीक्षा घेतली. एवढी वर्षं पहिलीचे वर्ग घेतले, मला दुसरं काय येतं? लेखी नाही, तोंडी आणि प्रात्यक्षिक. मराठी टाइप करून दाखव. अक्षर मोठं करून दाखव, माझा चष्मा न बदलता. माझा जुना प्रिंटर ओळख. आणि शेवटचा, सगळ्यात जास्त गुणांचा प्रश्न: शेजारच्या मालनबाईला सापडेल असं वाग.

मालनबाईला मी परीक्षक नेमलं, कारण तिने आयुष्यात माउस धरलेला नाही. मला थोडं येतं, म्हणून मी फसू शकते. ती फसणार नाही. पहिल्या दिवशी दारात चपला काढून, हात धुऊन, पदर खोचून येऊन बसली. मी म्हटलं, ‘हात कशाला धुतलेस?’ म्हणाली, ‘अवो टीचर, चर्चचं काम हाय ना ह्याच्यावर? मग तसंच कसं शिवायचं?’

पहिल्यांदा उबुंटू लावलं. चांगलं, नीटस, गरीब स्वभावाचं. पण त्याची पट्टी डाव्या हाताला उभी, आणि मालनबाईचा हात सारखा खाली जायचा. ‘ह्ये बंद कुटून करायचं?’ म्हणून तिने मला हैराण केलं. मीही मनातून खालीच शोधत होते. सवयीचा दोष म्हण. मी त्याला पास केलं, पण काठावर.

दुसऱ्या दिवशी झोरिन. दिसायला एवढं देखणं की मालनबाई म्हणाली, ‘ह्ये तर लई भारी हाय, नवरीवानी.’ मी मराठीचं बटण शोधलं, टाइप करायला घेतलं, दोन ओळी छान उमटल्या, आणि मध्येच सगळं थिजलं. माउस हलेना. मी पेन उचललं आणि रागाने शून्य दिलं. नुसत्या देखणेपणाला मी आयुष्यात कधी भुलले नाही. (तुझे पप्पा हा एकच अपवाद.)

संध्याकाळी रमीज घरी डोकावला, त्याला सांगितलं तर तो म्हणाला, ‘टीचर, असं मधूनच होत नाही. पेनड्राइव्ह हलला का?’ मी मालनबाईकडे बघितलं. ती पदराच्या टोकाला बांधलेली गाठ सोडायला लागली. गाठीत पेनड्राइव्ह! ‘मला वाटलं, चालू झालं म्हंजी काडायचं आसंल. डाक्टर न्हाई का, थर्मामीटर लावत्यात आन काडत्यात.’ रमीज हसून हसून खुर्चीवरून पडायचा बाकी. सगळं त्या पेनड्राइव्हवरच चाललेलं, तोच काढल्यावर बिचारं झोरिन काय करणार?

शून्य खोडलं आणि फेरपरीक्षा घेतली. फेरपरीक्षेत ते चांगल्या गुणांनी पास झालं. हे तुला मुद्दाम सांगते आहे. विद्यार्थ्याला जमलं नाही तर आधी बघावं, आपणच तर मध्ये काही उपटून नेलं नाही ना. तू बघितलंस का?

मिंटची परीक्षा व्हायची आहे. तुझं एक अक्षर नाही तीन आठवड्यांत. मीटिंगा फार असतील. तुझ्या तब्येतीची मला काळजी नाही, पण एंजेला परवा फोनवर ‘ते बरे आहेत’ असं म्हणाली आणि लगेच विषय बदलला. आवळ्याचं सरबत पाठवते आहे तिच्या नावाने. तुला हवं तर घे.

आई


केडगाव, २४ मे, पेन्टेकॉस्टचा रविवार

चि. रॉबिन,

पत्रिका छापून आली! दोन्ही बाजूंनी, वेलांट्या जागच्या जागी, गीतांचे क्रमांक ठळक. पाळकसाहेबांनी ती हातात धरून उलटसुलट केली आणि विचारलं, ‘बाहेरून करून आणली का?’ मी म्हटलं, ‘नाही, माझ्या लिनक्सवर.’ त्यांना लिनक्स म्हणजे कुठली तरी छपाईची कंपनी वाटली असेल. वाटू दे. आज कोणी हसलं नाही.

मिंट घेतलं. खाली डाव्या कोपऱ्यात बटण आहे, तिथे हात आपोआप जातो. सुरू केल्या केल्या एक खिडकी उघडते आणि पहिल्यांदा काय करायचं ते सांगते. मला ‘ये, बस’ म्हणणारं यंत्र आवडलं. प्रिंटर त्याने स्वतःच ओळखला. अक्षर मोठं झालं. मालनबाईने नातवाचा फोटो शोधला, मोठा केला, बघितला आणि न विचारता बंद केला. मग तिने परत उघडला. मी म्हटलं, संपली परीक्षा. रमीजने येऊन कायमचं बसवून दिलं, माझ्या सगळ्या फायली आधी बाजूला काढून ठेवून. ती काळजी त्याने घेतली, कारण मी आधी विचारलं.

हे सगळं मी कौतुकाने एंजेलाला कळवलं, तिने तुला सांगितलं आणि तुझा मेसेज आला: ‘मिंट काय, ते नवशिक्यांसाठी असतं.’

हो, नवशिक्यांसाठी असतं! मग मी कोण आहे? सत्तरीला टेकलेली नवशिकी आहे मी, आणि त्यात मला काडीची लाज वाटत नाही. लाज तुला वाटायला हवी, तो शब्द शिवीसारखा वापरतोस म्हणून. माझं सगळं आयुष्य नवशिक्यांमध्ये गेलं. ‘अ’ काढताना घाम फुटलेली पोरं मी बघितली आहेत. त्यांतली काही आज डॉक्टर आहेत. एखाद्या मास्तरने पहिलीच्या पोराच्या हातात दहावीचं पुस्तक दिलं आणि त्याला वाचता येईना तेव्हा ‘याला शिकायचंच नाही’ असा शेरा मारला, तर त्या मास्तरला मी वर्गाबाहेर उभं केलं असतं. तू माझ्याशी नेमकं तेच केलंस. वर म्हणालास, एकटी कशी राहणार.

अशी राहणार. जशी आज राहिले तशी. जूनमध्ये येणाऱ्या पार्टीला आत्ताच नाही म्हणून कळव. मी शर्त जिंकली आहे आणि तू ती जपून ठेवली असशील अशी आशा आहे.

आता मला कॅमेरा बसवायचा आहे. एंजेला म्हणते, रात्रपाळी करून आल्यावर तिला माझ्याशी समोरासमोर बोलायला आवडेल. तुझ्याशी बोलायचा आग्रह नाही.

आई


केडगाव, ९ जून

रॉबिन,

आज मंगळवार. सकाळी एंजेलाचा व्हिडिओ कॉल आला, नव्या कॅमेऱ्यावरचा पहिलाच. हॉस्पिटलमधून येऊन चहा घेत बसली होती, डोळ्यांखाली काळं आलेलं. मी तिला माझा पडदा दाखवत होते, ती मला कौतुकाने हो हो म्हणत होती, आणि तिच्या मागच्या दारातून तू गेलास.

मोबाईलच्या एवढ्याशा काचेवर मला कोणीतरी गेलं एवढंच दिसलं असतं. इथे तू माझ्या समोर वीतभर उंचीचा दिसलास. बर्मुडा, चुरगळलेला टी-शर्ट, दाढी वाढलेली. खांदे पडलेले. कामाच्या दिवशी, कामाच्या वेळेला, पाण्याची बाटली भरायला चाललेला.

मी विचारलं, ‘आज सुट्टी आहे का त्याला?’

एंजेला म्हणाली, ‘नाही, आई.’

‘मग घरून काम?’

तिने कप खाली ठेवला. मग म्हणाली, ‘आई, यांची नोकरी जानेवारीतच गेली. तुम्हाला सांगायचं नाही म्हणून मला शपथ घातलीय. पण आता मला नाही सहन होत.’ आणि रडायला लागली. मी समोर असून तिला हात लावू शकत नव्हते.

मला राग आलाय, रॉबिन. इतका राग मला गुड फ्रायडेलाही आला नव्हता.

नोकरी गेली त्याचा नाही. नोकऱ्या जातात. तुझ्या पप्पांची साखर कारखान्यातली गेली होती तेव्हा तू चौथीत होतास, आणि त्या वर्षी आपण उपाशी राहिलो नाही. राग याचा आहे की फेब्रुवारीत तू चार दिवस इथे, माझ्या घरात होतास. रजा कसली? तू घरातून पळून आला होतास आणि दिवसभर त्या काळ्या पडद्यात डोकं घालून बसला होतास, कारण तिथे तरी सगळं तुझ्या ताब्यात होतं. आणि मी शेजारी भाकरी थापत होते. एक वाक्य बोलायचं होतंस. मी तवा उतरवला असता.

ते नाही बोललास. त्याऐवजी मला म्हातारी ठरवलंस. धांदरट ठरवलंस. ‘आई, तुझ्याच्याने एकटीने होत नाही, घर काढू.’ घर माझ्यासाठी विकायचं नव्हतं तुला. तुला गरज होती. मग तसं माग ना! खरं सांगून मागितलं असतंस तर मी एका शब्दाने विचारलं नसतं, सही करून मोकळी झाले असते. मला ओळखतोस तू. माझ्या पोटच्या पोराने मला खोटं सांगून माझंच घर माझ्या भल्याच्या नावाखाली मागावं, हे मला अजून गिळता येत नाही. आणि रोज ‘मीटिंग आहे’ म्हणून फोन ठेवून तू काय करत होतास? भिंतीकडे बघत बसत होतास?

दुपारभर मी धुमसत होते. मालनबाई आली आणि माझं तोंड बघून उंबऱ्यातूनच परत गेली. मग मला माझा वर्ग आठवला. पहिलीत एखाद्या पोराची चड्डी ओली झाली की ते दप्तर मांडीवर घेऊन बसून राहतं. पाणी प्यायला उठत नाही, खेळायला उठत नाही, कोणी बोलावलं तर चिडतं, दुसऱ्याच्या खोड्या काढतं. नवीन मास्तर त्याला उद्धट म्हणून मारतात. मी कधी मारलं नाही. बाकीची पोरं बाहेर गेली की त्याच्याजवळ जायचे आणि हात धरून न्यायचे. एवढंच लागतं. ते पोर मग रडतं आणि नंतर नीट होतं. माझ्या घरचं पोर मला एवढ्या महिन्यांत ओळखू आलं नाही, कारण ते सहा फुटांचं झालंय आणि इंग्रजीत चिडतं.

आता मी सांगते ते ऐक आणि मध्ये बोलू नकोस.

भाड्याचा फ्लॅट सोड आणि इकडे ये. नोकरी शोधायला इंटरनेट लागतं, ते केडगावलाही आहे. रमीज म्हणतो, पुणे रोडला शाळा आणि दवाखाने जुनी यंत्रं फेकायला निघालेत, कारण त्यांच्यावर नवी विंडोज बसत नाही, आणि त्यांना काय बसवायचं हे सांगणारा माणूस मिळत नाही. तुला ते हलकं वाटलं तर नको करूस. केलंस तर मात्र आधी त्यांना विचारायचं की तुम्हाला काय काय लागतं, आणि मग निवडायचं. एंजेलाचं मी काही ठरवत नाही. तिची नोकरी आहे, तिचं तिला ठरवू दे. नगरला हॉस्पिटलं आहेत, आणि तिला पुण्यातच राहायचं असेल तर गाड्या आहेत. तिने शपथ मोडली म्हणून तिला एक शब्द बोललास तर माझ्याशी गाठ आहे.

आलास की मला काही समजावून सांगू नकोस. मला सगळं समजलंय. जेव आणि झोप.

हे स्पीड पोस्टाने टाकते आहे, म्हणजे शनिवारच्या आत मिळेल. एंजेला म्हणाली, रविवारी ती पार्टी घर बघायला येणार आहे. अजून नाही म्हणून कळवलं नसशील, मला माहीत आहे. आता कळव. सांग, घर रिकामं होणार नाही. त्यात माझा मुलगा राहायला येतोय.

आई